मॉक ड्रिलमधला मुडदा

१

कोरपना तालुक्यातल्या त्या सिमेंट कारखान्यात 'अचानक' घ्यायच्या मॉक ड्रिलची सूचना दोन दिवस आधी फळ्यावर लागत असे. आग कुठे लागणार, कोण भाजणार, कोण मरणार, सगळं ठरलेलं. आजूबाजूच्या गावांनाही ते पाठ झालं होतं. भोंगा कितीही बोंबलला तरी कुंपणापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करत नसत. एखादी फार तर म्हणे, "झालं सुरू यांचं नाटक."

आणि नाटक म्हणण्यात काही चूक नव्हती. नाटक लिहायची रश्मी फुलझेले, कारखान्याची सेफ्टी ऑफिसर. घराण्यातली पहिली इंजिनिअर, नोकरीत अजून कायम न झालेली. जखमी म्हणून ती ठेकेदाराची माणसं निवडायची. माणसं हौसेनं यायची, कारण जखमीला गार सावलीत पडून राहायला मिळे आणि नंतर तर्रीपोहे. सगळ्यांत नावाजलेला मुडदा म्हणजे घनश्याम. हा सावली तालुक्यातला, वैनगंगेत मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला. पॅकिंग हाऊसमध्ये पोती लावायचा. एकदा स्ट्रेचरवर पडला की नाकावर माशी बसली तरी हलत नसे.

"घनश्यामभाऊ, तयार?" रश्मीनं त्या दिवशी विचारलं.

"तयार आहो बाई. माह्यासाठी पोहे झाकून ठेवजा. मेल्यावर लय भूक लागते."

सगळा कारखाना तिला मॅडम म्हणे. बाई म्हणायचा तो एकटा घनश्याम.

त्याची बायको मैना कॅन्टीनमध्ये होती. ती खिडकीतूनच ओरडली, "माह्या नवऱ्याले मरणंच जमते मॅडम. जगायचं म्हटलं का आळस येते त्याले."

भोंगा झाला. कोळशाच्या गिरणीजवळ धुराच्या नळकांड्या फुटल्या. माणसं असेंब्ली पॉइंटवर रांगेत उभी राहिली. घनश्यामला स्ट्रेचरवरून आणून रश्मीच्या समोर, कडुनिंबाखाली ठेवलं. त्याच्यावर पांढरी चादर. शेजारी प्लांट हेड आणि बाहेरून आलेले ऑडिटर. ऑडिटर जांभई आवरत होते.

तेवढ्यात कारखानाभर लावलेले स्पीकर खरखरले.

"बाई... मी इथी आहो जी. जुन्या सायलोखाली. मले काढा."

तोंडात काहीतरी भरलं असताना माणूस बोलावा तसा आवाज. मग एक लांब श्वास. मग काही नाही.

ऑडिटर ताठ बसले. "वा! हे कोणाचं काम?"

प्लांट हेडनं रश्मीकडे पाहिलं. रश्मी म्हणाली, "आमचाच माणूस आहे, सर. तालीम घेतली होती."

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिची नजर समोर गेली. चादर खाली घसरली होती आणि घनश्याम स्ट्रेचरवर उठून बसला होता. मुडद्याची भूमिका विसरून तो स्पीकरकडे पाहत होता, आणि मग तिच्याकडे. रश्मीनं डोळ्यांनीच दटावलं, झोप. तो निमूटपणे आडवा झाला. चादर त्यानं स्वतःच डोक्यावर ओढून घेतली.

२

कारखान्यात जागोजागी पेजिंग फोन होते. रिसीव्हर उचलून बटण दाबलं की बोलणं थेट सगळ्या स्पीकरवर. कोणीतरी गंमत केली असणार, हे रश्मीनं दुपारपर्यंत मनाशी पक्कं केलं. फक्त गंमत करणारा सापडेना. ज्यांच्यावर संशय होता ते सगळे तिच्या डोळ्यांसमोर रांगेत उभे होते. आणि बाई म्हणणारा तर चादरीखाली होता.

ती जुन्या सायलोकडे, सिमेंट साठवायच्या त्या उंच कोठाराकडे गेली. तो कधीचाच बंद होता. आत भिंतींना सिमेंट धरून बसलं होतं, उंच इमारतीएवढं, आणि ते केव्हा सुटेल याचा नेम नव्हता. साफ करायचं तर शेजारचा सायलोही थांबवावा लागला असता, म्हणजे उत्पादन थांबलं असतं. म्हणून 'प्रवेश बंद' अशी पाटी लावून सफाई झाली असं धरलं होतं. दाराला कुलूपही नव्हतं. गंजलेली कडी तेवढी.

आत उन्हाळ्यातल्या माठाखोलीसारखा गारवा होता. खालचा बोगदा बुटका. बॅटरीच्या उजेडात धूळ जागच्या जागी तरंगत होती, ना खाली बसत होती, ना वर जात होती. जमिनीवर राखाडी सायीसारखा थर. त्याच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. रश्मीची स्वतःची पावलं उमटली तेवढीच. फोन टोकाला भिंतीवर होता, जागेवर नीट ठेवलेला. तिला हायसं वाटलं. वायर सडून कुठेतरी दुसरीला लागली असेल, दुसऱ्याच फोनचा आवाज इकडचा वाटला असेल.

मग तिनं रिसीव्हर उचलला.

बोलायच्या बाजूला सिमेंटचं कवच धरलं होतं. सिमेंटला ओल लागली की ते दगड होतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पावसाळ्यात ओल आली असणार, तिनं स्वतःला सांगितलं. पण पावसाळ्याची ओल सगळीकडे सारखी लागते. हे कवच वाटीसारखं खोलगट होतं. बॅटरी जवळ नेली तर आतल्या बाजूला दोन ओठ उमटलेले दिसले. वरचा थोडा फाटलेला. कोणीतरी तोंड लावून खूप वेळ, फार म्हणजे फारच वेळ श्वास घेतला होता, आणि त्या श्वासाच्या ओलीनं सिमेंट धरलं होतं.

बाहेर जाऊन कोणाला तरी बोलावून दाखवायला हवं होतं. सेफ्टी ऑफिसरनं दुसरं काय करायचं असतं? पण दाखवायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं की तो आवाज माझा नव्हता, तालीम झाली नव्हती, मी खोटं बोलले. रश्मीनं किल्लीनं कवच उचकटलं. ते जमिनीवर पडलं. त्याच्यावर तिनं बुटाची टाच ठेवली आणि फिरवली.

संध्याकाळी प्लांट हेडना मात्र ती म्हणाली, "सर, जुन्या सायलोच्या दाराला निदान कुलूप तरी लावू."

"लावू ना. आधी तो मोठा कार्यक्रम उरकू द्या. सगळं त्यातच अडकलंय." मग ते हसले. "आणि मॅडम, तो आवाज! ऑडिटर फार खूश होते. पुढच्या वेळी तो पाहिजेच."

३

मोठा कार्यक्रम म्हणजे जिल्हाभरातून पाहुणे, मंडप, आणि आपत्कालीन सज्जतेची ढाल. ती या वेळी आपल्यालाच मिळणार हे साहेबांना ठाऊक होतं. मंडपाचं कापड नागपूरहून आलं. अठरा प्रकारची फुलं आली. कुलूप आलं नाही.

रश्मीनं घनश्यामला बोलावलं. "या वेळी मरायचं नाही, बोलायचं. पॅकिंग हाऊसच्या फोनवरून. हे घ्या, मी लिहून आणलंय."

घनश्यामनं कागद लांब धरून वाचला. "मला वाचवा. मी येथे अडकलो आहे. धूर वाढत आहे." मग मान वर केली. "धूर वाढत आहे? मरताना असं कोण बोलते जी? हे त रेडिओवाल्यावानी वाटते."

"पाहुणे ऐकणार आहेत. शुद्ध नको का?"

तो हसला, पण हसू टिकलं नाही. कागदाची घडी घालून त्यानं तो टेबलावर ठेवला. "दुसरं काईबी सांगा बाई. दिवसभर मरून पडतो. हे नाई जमणार."

"काऊन?"

"आमच्या गावात तळ्याबोडीवर जा, नदीवर जा, माणूस मस्करीत बी 'बुडलो' म्हणून ओरडत नाई. लहान पोरगं ओरडलं त माय तोंडावर मारते."

"पण का?"

"काऊन ते नाई माहीत. नाई ओरडत." त्यानं कागद आणखी दूर सारला. "आन ओरडलेलं आयकू आलं त काठावर उभं नाई राहत. पोहता येवो का नाई येवो. जा लागते."

"भाऊ, इथं पाणी आहे का कुठं?"

"नाई." तो खालीच पाहत होता. "मागच्या टायमाले जो बोलला, तो कोण होता बाई?"

"होता एक जण."

"माह्यावानी बोलत होता."

रश्मीला त्या क्षणी ते सगळं सांगता आलं असतं. कवच, ओठ, टाच. त्याऐवजी ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात ठेकेदार माणसं कमी करणार आहे म्हणतात. तुमच्या कानावर आलंच असेल." काळजीच्या सुरात म्हणाली. काळजीचा सूर किती कामाला येतो हे तिला त्या दिवशी कळलं.

घनश्यामनं टेबलावरचा कागद उचलून खिशात घातला.

४

ढालीचा दिवस उजाडला. मंडपात पाहुणे, पाहुण्यांपुढे काजू. बचाव पथक नव्या कोऱ्या दोरांसह पॅकिंग हाऊसजवळ उभं, कारण फोटोवाल्याला तिथला उजेड पसंत पडला होता. भोंगा झाला. धूर सुटला. रश्मी माइकवरून समजावून सांगत होती, आता अमुक होत आहे, आता तमुक होईल.

ठरलेल्या क्षणी स्पीकर खरखरले.

"बाई. मी घनश्याम. जुन्या सायलोखाली आहो. छातीपर्यंत आलं जी."

रश्मीला आधी राग आला. लिहून दिलेलं सोडून हा मनाचं बोलतोय, आणि नको तिथे जाऊन बसलाय! मंडपात मात्र सगळे पुढे सरकून बसले. कोणीतरी म्हणालं, "काय आवाज लावलाय राव."

"बाई, आयकून राह्यल्या ना? हात निघून नाई राह्यला."

तिच्या जॅकेटला मागून कोणी हलकेच ओढलं. तिनं वळून पाहिलं.

घनश्याम उभा होता. धुतलेला चेहरा, हातात घडी घातलेला तो कागद. "मी नाई गेलो बाई," तो कुजबुजला. "फोनपर्यंत गेलो आन वापस आलो. नाई जमलं मले. काढाचं असन त काढून टाका कामावरून."

स्पीकर बोलतच होता. घनश्यामनं मान तिरपी करून ऐकलं. गर्दीच्या फोटोत स्वतःला शोधून काढावं तशा सुरात तो म्हणाला, "हा त मीच आहो."

"रेकॉर्डिंग असेल," रश्मी म्हणाली. कोणी केलं, केव्हा केलं, काही सुचत नव्हतं. तरी म्हणाली.

"बाई," स्पीकर म्हणाला, "तो तुमच्यापाशी उभा आहे ना? त्याले येऊ देऊ नका. मले इकडे येऊ देऊ नका जी."

मंडपानं टाळ्या वाजवल्या.

घनश्याम खाली बसला. रश्मीला वाटलं, त्याला चक्कर आली. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. पाण्यात उतरणारा माणूस काठावर काढून ठेवतो तसे त्यानं दोन्ही सेफ्टी बूट मंडपाच्या खांबाशी जोडीनं ठेवले.

"कुठे निघालात? ऐकलं नाही का तुम्ही? येऊ नको म्हणतोय!"

"आयकलं ना बाई. आयकलं म्हणून तर."

तिनं त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. मनगटातली नाडी तिच्या बोटांखाली उडत होती. हे ड्रिल नाही, एवढं माइकवर म्हटलं असतं तरी दोर घेतलेलं पथक धावत सुटलं असतं. माइक तिच्या दुसऱ्या हातात होता. तेवढ्यात प्लांट हेडनं पहिल्या रांगेतून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग अनवाणी मजुराकडे, मग तिनं धरलेल्या हाताकडे. ते हसतच म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना पुढचं सांगा."

हात आपोआप सुटला असं तिला नंतर म्हणता आलं असतं. सुटला नव्हता. सोडला होता.

घनश्याम मंडपामागून पळत गेला. स्पीकरमधून एक लांब श्वास आला आणि लाइन शांत झाली. रश्मी माइकवर म्हणाली, "ऑल क्लिअर."

५

ढाल मिळाली. भाषणात खरखर येते म्हणून पेजिंगची लाइन बंद करण्यात आली. स्पीकरवर आता आभार चालले होते, मंडपवाल्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांचे. रश्मीच्या हातात पुष्पगुच्छ आला. तो घेऊनच ती निघाली. आधी चालत, मग कोपरा वळल्यावर धावत.

कडी निघालेली होती. दार अर्धं उघडं. राखाडी थरावर तिच्या त्या दिवशीच्या बुटांचे ठसे आणि त्यांच्यावरून गेलेली अनवाणी पावलं. सगळी आत जाणारी.

"घनश्यामभाऊ!"

उंबऱ्याशी उभी राहून तिनं बॅटरी मारली. तो बोगद्याच्या टोकाला होता, तिच्याकडे पाठ करून. वरून सुटलेलं सिमेंट पाण्यासारखं घरंगळत येऊन त्याच्या छातीपर्यंत चढलं होतं. सुकं सिमेंट आवाज करत नाही. एक हात आत अडकलेला. दुसऱ्या हातात रिसीव्हर, तोंडाशी धरलेला.

"बाई," तो फोनमध्ये म्हणत होता, "आयकून राह्यल्या ना? हात निघून नाई राह्यला."

 हे तिनं ऐकलं होतं. मंडपात, काजूंच्या ताटल्यांजवळ, सगळ्या कारखान्यानं ऐकलं होतं आणि दाद दिली होती. आणि आता तो ते पहिल्यांदा म्हणत होता, बंद करून ठेवलेल्या लाइनवर.

"तो तुमच्यापाशी उभा आहे ना? त्याले येऊ देऊ नका."

"घनश्यामभाऊ, इकडे पाहा! मी इथेच आहे, इकडे!"

तो थांबला. मान वळवायला लागला. त्याचा गाल तिला दिसला, राखाडी, आणि बंद होत गेलेले ओठ, वरचा फाटलेला. तो बोलत नव्हता, हे तिनं स्वच्छ पाहिलं. तरी शब्द थांबले नाहीत.

"मले इकडे येऊ देऊ नका जी."

ते त्याच्या तोंडातून येत नव्हते. खालून येत होते, ढिगाच्या पोटातून, त्याच्या पायांच्याही खालून. तोच आवाज, पण जुना. कितीतरी काळ तेच ते म्हणून झिजलेला. बॅटरीचा उजेड तिकडे जाऊ लागला आणि तिनंच तो तिथे जाऊ दिला नाही.

मग वर, उंच अंधारात, मोठ्या झाडाची फांदी मोडावी तसं काहीतरी मोडलं.

हवेच्या दाबानं दार आपटलं, असं तिनं चौकशीत सांगितलं. बाहेर तिची पाठ दाराला होती आणि तळवे पत्र्यावर सपाट टेकलेले. आतून सगळं येऊन थडकलं ते तिच्या हातांना जाणवलं. स्पीकरवर आभार संपून राष्ट्रगीताची सूचना झाली. रश्मी सावधान उभी राहिली नाही. एवढीच काय ती तिनं मोडलेली शिस्त.

६

बचाव पथकाचे नवे दोर त्या दिवशी खरोखर वापरले गेले. अंधार पडायच्या आत घनश्यामचा देह बाहेर काढला. दुसरं कोणी सापडलं नाही. कोणी शोधलंही नाही. तिनं शोधा म्हटलं नाही. भूमिकेत रंगून जाऊन कामगार मनाई असलेल्या जागी गेला, असं कंपनीनं छापून दिलं. पाटी होतीच. ड्रिलचं चित्रण झालेलं होतं. त्यातला आवाजाचा तुकडा प्रशिक्षणासाठी फार उपयोगी आहे, तो वेगळा काढून ठेवा, असं साहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. आणि रश्मी कायम झाली.

सावली तालुक्यातल्या त्याच्या गावी ती कंपनीच्या गाडीनं गेली. कौलारू घर, अंगणात वाळत घातलेलं जाळं, पुढे धानाची बांधी. मैनानं खाट टाकून दिली, पाण्याचा गडवा दिला आणि जमिनीवर तिच्यासमोर बसली.

"मी पोहे काढून राह्यली होती मॅडम," मैना म्हणाली. "भोंग्यातून याचा आवाज आला. सगळ्या बाया म्हने, आयक, तुहा नवरा. मी हासली. म्हटलं, पाह्य कसा मस्त रडते. मी हासली, मॅडम."

रश्मी गडव्यातलं पाणी प्यायली.

"छातीपर्यंत आलं म्हने. हात निघत नाई म्हने." मैनानं पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मंग इथी घरी आल्यावर मले रातभर वाटे, ते खरंच असन का. मी हासून राह्यली आन तिकडं तो खरंच... मंग माही जाऊ म्हने, नाई वं, मॅडम लिवून देते ना सगळं. ते तुमीच लिवून देल्लं होतं ना?"

खरं सांगायचं तर रश्मीला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. तो आवाज आला तेव्हा घनश्याम माझ्याजवळ उभा होता, ही एक. यावर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि मी त्याचा हात धरला होता आणि सोडला, ही दुसरी. तिच्यावर सगळ्यांनी ठेवला असता.

"हो," रश्मी म्हणाली. "मीच लिहून दिलं होतं."

मैनानं डोळे मिटले. तिचे खांदे कधीचे वर ओढलेले होते, ते खाली आले. "मंग बरं. मंग तवा त्याले दुखत नसन." ती उठली, आत जाऊन चहाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि तिथूनच, पाठमोरी, जरा अभिमानानं विचारलं,

"तुमी लिवलं तसंच बोलला ना पण? चुकला त नाई ना कुठी?"

"नाही," रश्मी म्हणाली. "कुठेच चुकला नाही."